'रेस्क्यू'ला आपल्यात काय म्हणायचं? सुटका, मुक्ती, उद्धार, बचाव... (जॅकेटवर घालायचंय, जरा डोकं लावा)

काहीलवाला
मंडळी नमस्कार. डोक्याला ताप झालाय म्हणून धागा काढालोय. आम्ही शिरोळ तालुक्यातली बारा-तेरा पोरं पुराच्या टायमाला मदतीला जातो. संघटना बिंघटना काय नाही, पोहता येणारी पोरं आणि एक उसनी बोट एवढंच. यंदा वर्गणी काढून नारंगी जॅकेटं शिवायला टाकलीत आणि पाठीवर एकच मोठा शब्द पाहिजे, पन्नास फुटांवरनं वाचता येईल असा.

'रेस्क्यू' लिहायचं नाही हे ठरलंय. कारण सांगतो. 2019 च्या ऑगस्टला पाणी चढलेलं तेव्हा एका आज्जीच्या दारात बोट लावली. आज्जी माळ्यावर कोंबड्यांची डालगी घेऊन बसलेली. आमचं एक पोरगं नुकतंच ट्रेनिंग करून आलेलं, ते खालनं ओरडलं, "आज्जी घाबरू नका, तुम्हाला रेस्क्यू करायला आलोय." आज्जी म्हणाली, "काय करू नगा बाबांनो, म्हातारी हाय मी, माझ्याकडं द्यायला काय न्हाई." तिला वाटलं वसुलीवाले आले. वीस मिनिटं गेली समजूत काढण्यात आणि पाणी काय थांबलेलं नव्हतं.

मग एकजण म्हणाला 'मुक्ती पथक' लिहूया, लई भारी दिसतंय. आमचे वडील बाजूला तंबाखू मळत बसलेले, ते म्हणाले, ते घालून कुणाच्या दारात गेलासा तर घरातली माणसं बाहेर गोवऱ्या रचून ठेवतील. आमच्या गावच्या स्मशानावर पाटीच 'मुक्तिधाम' अशी आहे. तो शब्द बाद झाला.

'उद्धार' म्हटल्यावर सगळी हसली. 'सुटका' जरा तुरुंगातली वाटते. 'बचाव' सरकारी वाटतंय. तुम्ही भाषेतली माणसं आहात, सांगा. हे सगळे शब्द नक्की आलेत कुठनं आणि एकाच अर्थाचे असून असे वेगवेगळे का वाजतात?

(आयडीचं कारण: 2005 च्या पुरात आमच्या आजोबांनी गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून त्यात शेजारची तिघं बसवून आणलेली. गूळ करायची काहील. बोट बिट तेव्हा कुठली.)

रंकाळ्यावरचा वारा
आजोबांना साष्टांग. नाद खुळा. बाकी जाणकार येतीलच, मी मिसळ घेऊन बसतोय.

शब्दखोर
काहीलवाला भावा, आज्जीचा किस्सा वाचताना चहा नाकातनं आला. शाळेत मराठी शिकवून रिटायर झालोय, वेळच वेळ आहे, पाल्हाळ लागलं तर सांभाळून घ्या.

'सुटका' हा अस्सल घरचा शब्द. सुटणे वरनं. प्राकृतात छुट्ट, हिंदीत छूटना, गुजरातीत छूटवुं, आणि मराठीत येताना छ चा झाला स. ही आपली जुनी खोड आहे. हिंदीवाल्याची छुरी ती आपली सुरी, त्याची छाल ती आपली साल, त्याची छाँव ती आपली सावली, मछली तो मासा, तो हाल पूछता है तर आपण हालहवाल पुसतो. तसंच छूटना ते सुटणे आणि छोड़ना ते सोडणे. संस्कृताच्या धातुपाठात छुट् आहे पण तिथं त्याचा अर्थ कापणे असा दिलाय. दावं कापलं की जनावर सुटतंय, एवढं जवळचं नातं दिसतं.

आता या एका धातूनं मराठीत किती संसार मांडलाय बघा. शाळा सुटते म्हणून सुट्टी. (सुटी की सुट्टी हा वाद इथं नको, मागच्या धाग्यात दोघांनी आयडी बंद केलेत.) दुकानात सूट, कंडक्टरला सुटे पैसे, गाडी सुटते, वारा सुटतो, घाम सुटतो, तोंडाला पाणी सुटतं, चाळिशीनंतर पोट सुटतं. सोडवणे घेतलं तर गणित सोडवायचं, कोडं सोडवायचं, भांडण सोडवायचं. उपास सोडायचा. घरांची सोडत निघते. नवराबायकोचं बिनसलं तर सोडचिठ्ठी. आणि आपल्या कोल्हापुरात कुणाला दम द्यायचा झाला तर काय म्हणतात? "आता सुट्टी न्हाई!" म्हणजे सुटका नाही. मुलं ज्या शब्दाची वर्षभर वाट बघतात त्याचीच आपण धमकी केली.

तुरुंगातला वाटतो म्हणालास ते बातम्यांमुळं. 'जामिनावर सुटका' रोज वाचून वाचून तो शब्द कोर्टात जाऊन बसलाय, नाहीतर तो गोठ्यातला आहे.

निपाणीकर
सर मस्त. आमच्याकडं निम्मं घर मराठीत बोलतंय आणि निम्मं कन्नडमध्ये त्यामुळं एक भर घालतो. कन्नडमध्ये सुटकेला बिडुगडे म्हणतात, आणि बिडु म्हणजे सोड. "बिडो मारायऽऽ" म्हणजे सोड रे बाबा, जाऊदे. त्यातनंच बिडुवु म्हणजे मोकळा वेळ, फुरसत. म्हणजे सोडणे, सुटका, सुट्टी हीच साखळी तिकडंपण, आणि शब्द मात्र आपल्याशी काडीचा संबंध नसलेला. आईला विचारलं तर ती म्हणाली त्यात काय विशेष, दावं सगळीकडं सारखंच असतंय.

सिस्टर ऑन ड्यूटी
मी नर्स आहे, भाषेतलं कळत नाही पण सुटणे वरून एक सांगायचंच आहे. मी शहरात वाढले, पहिलं पोस्टिंग ग्रामीण भागात मिळालं. पहिल्याच नाइटला लेबर रूमच्या बाहेर एक सासूबाई माझा हात धरून विचारत होत्या, "सुटली काय वो बाई?" मला वाटलं डिस्चार्ज विचारतायत, मी म्हटलं नाही हो तीन दिवस तरी ठेवतील. त्या मटकन खालीच बसल्या! त्यांना वाटलं अजून तीन दिवस कळा द्यायच्या. आत तिची सून केव्हाच बाळंत झाली होती. मोठ्या सिस्टरनी येऊन सांगितलं, "मोकळी झाली हो मावशी, पोरगी हाय," आणि मग सगळं शांत.

आणि त्याच मजल्यावर दुसऱ्या टोकाला मेडिकल वॉर्ड होता. तिथं कुणी खूप दिवस खितपत पडलेलं गेलं की बाहेर नातेवाईक म्हणायचे, "सुटला बिचारा." एकच लांब कॉरिडॉर, या टोकाला सुटली आणि त्या टोकाला सुटला. चहाचा थर्मास घेऊन मी मधून जायचे तेव्हा नुसता शब्द कानावर आला तर आधी चेहरा बघायचे, मगच बोलायचे.

अन्नपूर्णा 72
सिस्टर, अंगावर काटा आला.

शब्दखोर
सिस्टर, तुम्ही म्हणताय भाषेतलं कळत नाही आणि धाग्यातलं सगळ्यात मोलाचं तुम्हीच टाकलंत. 'डिलिव्हरी' या शब्दाचंपण तेच आहे. लॅटिनमध्ये लिबर म्हणजे मोकळा, त्यावरून लिबरेशन, आणि त्यावरूनच डिलिव्हर म्हणजे सोडवणे. आधी संकटातनं सोडवणे, मग बाईला पोटातल्या ओझ्यातनं सोडवणे, आणि आता दारात पार्सल. म्हणजे तो पाठीवर बॅग घेतलेला पोरगा शब्दाच्या नात्यानं मुक्तिदाताच.

आणि 'मोकळी झाली' बद्दल. मोकळा हा मुक्तीचाच सख्खा भाऊ, फक्त खेड्यात राहिलेला. मुच् धातू, त्याचं मुक्त, प्राकृतात मुक्क, पुढं मोक्कल आणि मग मोकळा. जुन्या मराठीत मोकलणे म्हणजे सोडून देणे, पाठवणे. आता ते क्रियापद मेलंय पण एका ठिकाणी जिवंत सापडतं: धाय मोकलून रडणे. मुक्ती, मुक्त, मोक्ष ही त्याच घराण्यातली शहरात गेलेली, सोवळं नेसलेली मंडळी. मोकळा मात्र घरात फिरतो. मोकळं मैदान, मोकळे केस, मोकळा भात, मोकळ भाजणी. भाजणीत जो शब्द आहे तोच मोक्षात आहे हे वर्गात सांगितलं की पोरं पहिल्यांदा मान वर करून बघायची.

निपाणीकर
सर मग मोती? मुक्ता म्हणजे मोती ना, शिंपल्यातनं मुक्त झालेला म्हणून?

शब्दखोर
तशी व्युत्पत्ती सांगतात खरी आणि गोडपण आहे. पण तमिळ आणि कन्नडमध्ये मोत्याला मुत्तु म्हणतात, आणि मोती मिळायचे दक्षिणेच्या समुद्रात. त्यामुळं मूळ शब्द द्राविडी असावा आणि संस्कृतानं त्याला मुक्ताचा अंगरखा चढवला असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. मला तेच पटतं. तुमच्या आईला विचारा, ती म्हणेल त्यात काय विशेष.

सगळं आपलंच
इंग्रजी रेस्क्यू हा शब्दच मुळी संस्कृत रक्ष वरून गेलेला आहे. रक्ष, रेक्ष, रेस्कू. त्यामुळे रेस्क्यू लिहायला हरकत नाही, तो आपलाच आहे. लोकांना आपला वारसा माहीत नाही हे दुर्दैव.

शब्दखोर
साहेब, नाही. रेस्क्यू जुन्या फ्रेंचमधनं आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन क्वातेरे म्हणजे हलवणे, झटकणे. त्याला एक्स लागून झटकून बाहेर काढणे आणि पुढं आणखी रे लागला. शत्रूनं धरलेलं माणूस हिसडा मारून परत आणायचं, असा तो शब्द. रक्ष चा अर्थ राखणे, सांभाळणे. राखण, राखी, रखवालदार. दोन्हींचा आवाज जुळतो एवढंच, तसा आवाज माझ्या स्कूटरचा आणि शेजाऱ्याच्या मिक्सरचापण जुळतो.

सगळं आपलंच
पाश्चात्त्यांनी लिहिलेलं वाचून तेच बोलणार तुम्ही. असो.

रंकाळ्यावरचा वारा
मिसळ संपली, कट मागवलाय. चालू द्या.

तारणहार
आयडी बघून हसू नका, पतसंस्थेत सोनेतारण टेबलला आहे म्हणून मित्रांनी ठेवलंय. इतकी वर्षं 'तारण' लिहितोय पण तो तारण्याचा शब्द आहे हे परवा लेकीनं विचारल्यावर डोक्यात आलं. पप्पा, देव तारी त्याला कोण मारी मधला तारी आणि तुमचं तारण एकच काय? मला उत्तर देता आलं नाही.

पण सोडवणे चा एक अर्थ राहिलाय तो सांगतो. आमच्याकडं कर्ज 'फेडतात' पण दागिना 'सोडवतात'. उसाचं बिल जमा झालं की पुढचे आठ दिवस काऊंटरला गर्दी असते आणि जास्त करून बायका. एक काकू दरवर्षी पेरणीला पाटल्या ठेवतात आणि बिल आलं की सोडवतात. सीलबंद पाकीट त्यांच्यासमोर फोडायचं, वजन करून दाखवायचं, सही घ्यायची. बाकीच्या बायका पर्समध्ये टाकून जातात, या काकू तिथंच हातात घालतात. हात आता जाड झालाय, पाटली जात नाही, मग शिपायाकडनं साबणाची वडी मागून घेतात, बेसिनवर हात ओला करून, दात ओठ खाऊन, मुरगाळून घालतात. आणि घातल्यावर दरवर्षी एकच वाक्य: "सुटल्या बाई एकदाच्या." म्हणजे पाटल्या सुटल्या. त्या सुटल्या असं म्हणत नाहीत. पुढच्या जूनला परत येतातच.

शब्दखोर
तारणहार, लेकीला सांगा एकच. तॄ म्हणजे पार जाणे, मुळात पाण्यातनं पलीकडं जाणे. तरणे म्हणजे न बुडता पलीकडं पोचणे, तारणे म्हणजे दुसऱ्याला पोचवणे. तारू म्हणजे होडी. तीर्थ म्हणजे मूळचं नदी ओलांडायची उथळ जागा, उतार. अवतार म्हणजे खाली उतरणे. सातबाऱ्याचा उतारा घेताना तुम्ही याच धातूच्या पाया पडत असता. आणि आई पोराला म्हणते ना, तुझं तू निस्तर, तेपण निस् आणि तॄ. म्हणजे पलीकडं जा बाबा तुझा तू.

सोनं ठेवून अडचणीतनं पार होता येतं म्हणून तारण हे मला तरी सरळ दिसतं.

कृष्णाकाठची
पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. नरसोबाच्या वाडीला कृष्णा चढली की पाणी पादुकांवरनं वाहत दक्षिणेकडच्या दारातनं बाहेर पडतं, दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्यात अंघोळ करायला लांबनं लोक येतात, तीर्थ म्हणून. आणि त्याच पाण्याची बातमी ऐकून खाली आमची माणसं माळ्यावर गहू चढवायला लागलेली असतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका. आमच्याकडं लहान पोरांना पाढे येत नाहीत पण हे दोन आकडे येतात. तारणारं पाणी कुठलं आणि मारणारं कुठलं ते फुटावर ठरतं बघा.

कागलकर ताई
'उद्धार' म्हटल्यावर सगळे हसले असं काहीलवाला दादांनी लिहिलंय, ते का हसले ते लिहा की कुणीतरी. माझी सासू भांडणात समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. हरी भजणाऱ्या शब्दाची शिवी कशी झाली?

शब्दखोर
उद् म्हणजे वर, हृ म्हणजे नेणे. वर काढणे. विहिरीतनं वर, चिखलातनं वर. जीर्णोद्धार, अहिल्योद्धार. दुसऱ्याच्या पुस्तकातनं उचललेलं वाक्य म्हणजे उद्धरण. नाव वर काढायचं ठरवलं तर कौतुकानंही काढता येतं आणि शिवी घालतानाही काढता येतं, सासूबाईंनी दुसरा मार्ग धरला.

पण खरी गंमत पुढं आहे. संस्कृतात उद्धारचा एक अर्थ कर्ज असाही आहे, कुणाच्या तरी पैशातनं बाहेर काढलेला भाग. त्याचं झालं उधार. म्हणजे किराणा दुकानातली 'आज रोख उद्या उधार' ही पाटी आणि कीर्तनातला उद्धार एकाच आईची लेकरं.

तारणहार
सर, हे मी उद्या ऑफिसात सांगणार. वसुली अधिकाऱ्याला तर नक्कीच.

कागलकर ताई
मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. उद्धार या शब्दात कुणीतरी वर उभा असतो आणि कुणीतरी खाली. वरचा हात देतो. 'दलितोद्धार' हा शब्द आमच्या वडिलांना अजिबात आवडायचा नाही. ते म्हणायचे आम्ही काय विहिरीत पडलेली घागर आहे का, गळ टाकून काढायला. 1920 च्या मार्चमध्ये आपल्याच संस्थानात माणगावला परिषद झाली, शाहू महाराज स्वतः आले आणि बाबासाहेबांना पुढं करून म्हणाले की तुमचा पुढारी तुम्हाला मिळालाय. वडील ती गोष्ट सांगताना त्यावर बोट ठेवायचे: महाराज राजे होते, मनात आणलं असतं तर मी तुमचा उद्धार करतो म्हणू शकले असते, तसं म्हणाले नाहीत. त्याआधी 1918 ला त्यांनी महार वतन रद्द केलेलं, म्हणजे जे दावं होतं ते कापलं. आणि 1936 ला मुंबईत बाबासाहेबांचं जे भाषण झालं त्याचं नाव 'मुक्ती कोन पथे'. मुक्तीला वाट असते, चालायची आपण. उद्धाराला दोर लागतो, आणि तो दुसऱ्याच्या हातात असतो.

जॅकेटवर उद्धार लिहू नका एवढंच.

शब्दखोर
ताई, राग कसला. गीतेतपण सहाव्या अध्यायात स्वतःचा उद्धार स्वतःच करावा असंच म्हटलंय, पण लोकांना दुसऱ्याचा करायची हौस जास्त.

ऊसवाला भाई
सेम मुद्दा कर्जमाफी आणि कर्जमुक्तीचा. शेतकरी चळवळीतले जुने लोक माफी शब्दाला कायम भांडत आले. माफी गुन्हेगाराला असते, आम्ही काय गुन्हा केला? 2019 च्या शेवटी जी योजना आली तिच्या नावात कर्जमुक्ती आहे बघा. आता मुक्ती मिळाली का ते विचारू नका, धागा राजकारणात जाईल आणि ॲडमिन उडवेल. बाकी मुक्तीचा लईच सुळसुळाट झालाय. व्यसनमुक्ती, तंटामुक्ती, हागणदारीमुक्ती. तुकोबा म्हणून गेले न लगे मुक्ती, त्यांना बहुतेक अंदाज आलेला.

मोर्चेवाला आजोबा
मुक्ती शब्दाला एवढं हलकं करू नका. आमच्या पिढीला तो शब्द म्हणजे 17 सप्टेंबर 1948 चं हैदराबाद आणि 19 डिसेंबर 1961 चा गोवा. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले सुधीर फडके 1954 ला दादरा नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरले होते, हार्मोनियम बाजूला ठेवून. देशाची झाली तर मुक्ती, माणसाची झाली तर सुटका, हा फरक आहे. गोव्याची सुटका असं कुणी म्हणून बघा, कसं वाटतं.

रंकाळ्यावरचा वारा
आजोबा, गोव्याहून सुटका हे आम्ही दर पावसाळ्यात फोंडा घाटात म्हणतो. (गंमत करतोय, मुद्दा मान्य.)

दुबईकर पण कोल्हापुरी
मी इथं साइटवर सुपरवायझर आहे. इथं दिवसातनं शंभर वेळा एक शब्द ऐकतो: खलास. काम झालं, खलास. बस झालं, खलास. पहिल्या महिन्यात एकजण माझ्याकडं बोट दाखवून दुसऱ्याला खलास म्हणाला आणि मी सरळ कंटेनरच्या मागं गेलो. आपल्याकडं खलास म्हणजे खून ना! नंतर कळलं, तो म्हणत होता याचं काम झालं, याला सोड. माझा अरबी फोरमन शिकलेला आहे, तो म्हणाला खलासचा खरा अर्थच सुटका.

शब्दखोर
बरोबर सांगितलं त्यानं. अरबीत खलास म्हणजे सुटका, तारण. सुटला म्हणजे संपलं, आणि संपलं म्हणजे आपल्याकडं येईतो मेलाच. म्हणजे सिस्टरनी सांगितलेला तो कॉरिडॉर अरबीतपण आहे. त्याच मुळाचे चुलतभाऊ मराठीत राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. खुलासा, म्हणजे मुळात अर्क, सार. आणि खालसा, म्हणजे निर्भेळ, दुसऱ्याचा वाटा नसलेलं, थेट सरकारच्या मालकीचं. म्हणून 1848 ला इंग्रजांनी सातारचं राज्य 'खालसा' केलं. आपलं कोल्हापूर वाचलं, ते 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं. शिखांचा खालसापण तोच शब्द.

काहीलवाला
सर, तुम्ही आत्ता 'कोल्हापूर वाचलं' असं लिहिलंय. वाचणे राहिलं की. 'वाचाल तर वाचाल' मधलं.

शब्दखोर
शाब्बास. दोन वाचणे वेगळे आहेत, दिसायला जुळे. पुस्तक वाचणे हे वाच्, वाचा, वाणी यातलं. जिवानिशी वाचणे हे हिंदीच्या बचना चं भावंड. जिथं हिंदीनं ब केला तिथं आपण व राखला. बिच्छू आणि विंचू, बीस आणि वीस, बारात आणि वरात, बिजली आणि वीज. तसं बचना आणि वाचणे. म्हणजे 'बचाव' हा आपल्याच घरातला मुलगा उत्तरेत नोकरी करून हिंदी बोलत परत आलेला. बचतपण तसाच. म्हणून तुला तो सरकारी वाटला.

चपला करवीरी
मी चपलांच्या धंद्यातला आहे. सरांनी त्राण सोडलं. त्राण म्हणजे रक्षण, त्राता म्हणजे वाचवणारा, त्राहि त्राहि म्हणजे वाचवा वाचवा. आता आपण अंगात त्राण नाही म्हणतो तेव्हा ताकद या अर्थी म्हणतो. पण मूळ अर्थ पादत्राण मध्ये शिल्लक आहे. पायाला वाचवतं ते. आपल्या कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्यामुळं पोरांनो, पुरात चपला घालून उतरू नका, तिथं तिचा तुम्हाला उपयोग नाही आणि पाण्यानं चामडं कुसतंय.

पंचांगवाले काका
उशिरा आलो. ग्रहणाचं कुणीच कसं लिहिलं नाही? पंचांगात ग्रहणाच्या वेळा देतात, स्पर्श, मध्य आणि मोक्ष. चंद्र सूर्य सुटण्याला मोक्ष म्हणतात. माझ्या लहानपणी ग्रहण लागलं की गल्लीतनं हाळी यायची, "दे दान सुटं गिरान!" आई दारात सुपात धान्य घेऊन उभी. पंचांगात छापलेला मोक्ष आणि गल्लीत ओरडलेलं सुटं, एकाच मिनिटाची दोन नावं. आम्हा पोरांना पंचांग कोण दाखवणार, आम्हाला हाळीवरनंच कळायचं.

काहीलवाला
सगळ्यांना दंडवत. अपडेट देतो. जॅकेटं आली. पाठीवर शेवटी 'बचाव' घातलंय. तुमच्या चर्चेमुळं नाही, माफ करा. एम्ब्रॉयडरीवाला म्हणाला जोडाक्षर असलं की मशीन गाठ मारतंय, त्यामुळं उद्धार, मुक्ती, रेस्क्यू सगळे एका दणक्यात बाद. मी म्हटलं मग 'सुटका' घाला, तर पोरं म्हणाली पाठीवर सुटका घालून पोलिसासमोरनं कसं जायचं.

पण पुढचं सांगायचंय म्हणून लिहालोय. पूर काय अजून आला नाही. पहिला फोन आला तो परवा रात्री साडेनऊला, वरच्या मळ्यातनं. म्हैस विहिरीत पडलेली. गडी फोनवर धापा टाकत, "आलीसा काय? म्हस सोडवायची हाय." रेस्क्यू नाही, बचाव नाही. सोडवायची.

आम्ही नवीन जॅकेटं घालून गेलो सगळी. विहीर जुनी, दगडी, पण पायऱ्या निम्म्या ढासळलेल्या. म्हैस गाभण. दोघं उतरले, पोटाखालनं पट्टा घालताना ती सारखी मान फिरवून शिंगं हाणायची. वर ट्रॅक्टरला दोर. बॅटरीच्या उजेडात नुसते नाकाचे दोन फुगे आणि डोळे दिसत होते. साडेबाराला ती वर आली, चार पाय लटपटत, आणि उभी राहिल्या राहिल्या शेजारच्या वैरणीत तोंड घातलं. 'बचाव' वर एवढा चिखल बसलेला की काय लिहिलंय ते वाचायला येईना.

मालकाचे हात चिखलानं भरलेले, त्यानं मला स्पीकर लावून फोन धरायला लावला आणि घरी बायकोला सांगितलं, "सुटली गं."

पलीकडं एकदम शांत. मग बायको म्हणाली, "सुटली म्हंजी? गेली?"

"अगं न्हाई, वर आली. वैरण खायलीया."